पडद्यामागचा डावखुरा

परवा नातवाच्या शाळेत एक व्याख्यान होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले आणि पहिल्या रांगेत बसले. व्याख्याते गृहस्थ बोलायला फार गोड. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिकेच्या सिनेमांनी आणि टीव्हीनं आपल्या घरात मारामारी आणली. तिकडं उठता-बसता गोळीबार, पोरंसुद्धा बंदूक घेऊन शाळेत जातात, आणि ते बघून बघून आपली पोरं हातघाईवर यायला लागली. पूर्वी आपल्याकडं कसं सगळं शांत होतं, प्रेमाचं होतं. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "आजी, तुमच्या काळात होतं का असलं काही?"

मी म्हणाले, "होतं."

ते हसले. म्हातारीला ऐकू कमी येत असावं असं त्यांना वाटलं, आणि गाडी पुढं गेली. मला ऐकू चांगलं येतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतंही बरं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्या वालूर गावात अमेरिकेची पहिली बंदूक आली तेव्हा मी तिथं होते. ती तंबूत आली, कापडावर. तोपर्यंत आमच्या गावात कुणी अमेरिकेचं नावसुद्धा घेत नव्हतं, आणि मारामारी मात्र घरटी होती. मास्तर पोराला कडुनिंबाच्या फोकानं फोडून काढी, आणि पोराचा बाप वर मास्तराला सांगून येई की हाडं आमची, कातडं तुमचं. निजामाचं राज्य होतं. सरकारला सक्तीनं द्यायचं लेव्हीचं धान्य कमी भरलं म्हणून एका माणसाला चावडीपुढं भर उन्हात ओणवं उभं केलेलं आणि पाठीवर धोंडा ठेवलेला मी बघितला आहे. येणारे-जाणारे बघत, आणि बाजाराला जात. घराघरात बायकांना मार बसे. ते तर कुणी थांबून बघतही नसे.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर लिंगायत वाण्याचं, बाजारपेठेत किराण्याचं दुकान, थोडी शेती. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी. नवरा गिऱ्हाइकाशी बोलायचा तेव्हा तोंडात खडीसाखर धरल्यासारखा बोलायचा. मारकुटा म्हणून त्याचं नाव नव्हतं. गावात सगळेच मारत, हा त्यातल्या त्यात कमी मारी, म्हणून बायका मला नशीबवान म्हणायच्या. मला ते नशीब नको होतं. पहिल्यांदा मारलं ते आमटी खारट झाली म्हणून. दुसऱ्यांदा कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. माजघरात खुंटीला एक जुना कासरा लटकत असे, बैलाचा. सासऱ्यांच्या तरुणपणापासून तो तिथंच होता आणि वापरून वापरून मऊ पडला होता. बैलाला तो कधी बांधलेला मी बघितला नाही.

पहिल्या मारानंतर मी परसात रडत बसले होते, तेव्हा सासूबाई हळद-तेल घेऊन आल्या. दंडावर लावता लावता म्हणाल्या, "पोरी, पावसानं झोडपलं, नवऱ्यानं मारलं आन राजानं लुटलं, तर फिर्याद कुणाकडं करावी?"

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र ती ऐकून माझं डोकं फिरलं. पाऊस काही ठरवून झोडपत नाही. तो माणूस ठरवून खुंटीकडं जातो. मी सासूबाईंना तसं म्हणालेही. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हळदीचा हात होता, ओठाला कडू लागलं. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं की हा मार मी जन्मभर खाणार नाही. कसा थांबवायचा ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं. माहेरी जायची सोय नव्हती, कारण माहेरीही खुंटी होतीच.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. मुलगा असो, मुलगी असो. चांदीच्या एवढ्याशा डबीत ते असतं आणि मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. पूजा करताना ते डबीतून काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, हात पुढं धरायचा आणि नजर त्याच्यावर लावायची. बाकीच्यांचा देव देवळात, आमचा डाव्या हातावर. आणि आमच्या घरची रीत अशी कडक, की कुणी लिंग हातावर घेऊन बसलं असेल तर त्याला शिवायचं नाही, हाक मारायची नाही, त्याच्यावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. नवरा लहान असताना खेळता खेळता आजोबांच्या पूजेत धडकला होता. तेव्हा सासऱ्यांनी त्याला असा बडवला होता की त्याची खूण कपाळावर कायमची राहिली. ही गोष्ट घरात कौतुकानं सांगितली जाई.

तर, तंबू. सेलूच्या स्टेशनावरनं बैलगाड्यांवर लादून तो आला आणि बाजारतळावर उभा राहिला. दिवेलागणीला इंजिन धडधडायला लागलं की सगळं गाव तिकडं लोटायचं. मधोमध पांढरं कापड. पुढच्या बाजूला पुरुष, आणि कापडाच्या मागं जनाना. बायकांना पुरुषांच्या नजरेसमोर बसवायचं नाही म्हणून आमच्या मुलखात ही रीत होती. चित्र मागूनही दिसावं म्हणून एक माणूस खेळाआधी कापडावर पाणी मारून ते ओलं करी. पाण्याचे शिंतोडे आमच्या अंगावर येत. चित्र मुकं होतं. पुरुषांच्या बाजूला एकजण भोंगा तोंडाला लावून दखनीत सगळं सांगत राही, "अब देखो, जवान आया, दुश्मन की खैर नहीं." आम्हाला भोंग्याची पाठ, म्हणून निम्मं ऐकू यायचं. निम्मं आम्ही आमच्या मनानं जुळवायचो.

शेजारच्या कुणब्याची बायको माझ्याजवळ बसायची. घोड्यावरचा तो गोरा जवान आला, टोपी मागं सरकवली, आणि त्यानं कमरेचं पिस्तूल काढलं, तशी ती म्हणाली, "अगं बया, ह्यो तर डावखुरा हाय."

दुसऱ्यानं पिस्तूल काढलं. तोही डावखुरा. हाटेलात बसून जेवणारे, दारू ओतणारा, कागदावर सही करणारा, सगळे डाव्या हाताचे. बायकांत खसखस पिकली. एक म्हातारी म्हणाली, "लय घाण मुलूख दिसायलाय. डाव्या हातानं जेवायलेत." अमेरिका म्हणजे डावखुऱ्यांचा देश हे त्या दिवशी आमच्या जनान्यात कायम झालं. पुढं कैक वर्षं, राज्य बदलेपर्यंत, आमची हीच समजूत होती. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, जनान्याचा पडदा गेला, बायका पुरुषांच्या शेजारी पुढच्या बाजूला बसू लागल्या, आणि तसलंच एक घोड्यांचं चित्र आलं. त्यात सगळे उजव्या हातानं गोळ्या घालत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळं उलट्या अंगानं बघत होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बघितलं म्हणून माझं काम झालं होतं.

काम असं. त्या चित्रात एक प्रसंग होता. दारूचा गुत्ता, आत आडदांड माणसं, एका म्हाताऱ्याला घेरून मारायला निघालेली. दार उघडतं आणि तो जवान उभा. पिस्तुलाचा डावा हात नुसता पुढं धरतो. आणि ती सगळी माणसं, उचललेल्या मुठी तशाच वर ठेवून, जागच्या जागी थांबतात. जवानानं गोळी घातलीच नाही. पुढं चित्रात पुष्कळ गोळ्या सुटल्या, घोडे पडले, पुलावरून माणसं कोसळली. त्यातलं मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की एक डावा हात पुढं आला आणि मारणारे थांबले.

घरी येताना शेजारीण म्हणत होती की डावा हात अशुभ, त्या हातात हत्यार धरणाऱ्याचं भलं व्हायचं नाही. माझा देव त्याच हातावर बसतो, हे तिला काय सांगायचं.

दोन दिवसांत गावात पोरं तुराट्यांच्या बंदुका करून एकमेकांना मारत सुटली आणि बारवेवर कुणाच्या तरी डोक्यावरची घागर फुटली. झालं. महादेवाच्या देवळापुढं जाणती माणसं बसली. एरवी एकानं पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणायचा, पण या गोष्टीवर पाटील, मास्तर, मशिदीतले बुजुर्ग आणि आमचे सासरे या सगळ्यांचं एकमत झालं. गोऱ्यांची मारामारी बघून गाव बिघडायला लागलं. परवाच्या व्याख्यानातलं एकूण एक वाक्य मी तेव्हाच ऐकलं होतं, फक्त बोलणाऱ्यांना त्या व्याख्यात्यांसारखा चष्मा नव्हता. सासरे जेवताना म्हणाले, "मारामारी बघून बायकांची डोकी फिरायलीत. आपल्या घरातलं बाईमाणूस तंबूत जायचं न्हाई." स्वतः ते रोज पुढच्या चटईवर असत, आणि ठोसा बसला की मांडीवर थाप मारत. त्यांची थाप आम्हाला कापडाच्या मागं ऐकू यायची.

मी परत गेले. मला तो हात पुन्हा बघायचा होता. सासूबाईंना सांगून गेले. त्या चुलीत फुंकर घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लवकर ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा दुकानातून एकटाच आला. मी भाकरीचं पीठ मळत होते. कुणीतरी दुकानात त्याला टोमणा मारला होता की तुझी बायको घरात नाही, तंबूत नांदते. तो काही न विचारता सरळ खुंटीकडं गेला आणि कासरा काढला.

म्हणजे बघा. मारामारी बघितली म्हणून मला मार बसणार होता. गोऱ्यांकडून मी बिघडू नये म्हणून घरचा कासरा.

मला भीती वाटली हे खरं आहे. पण रागाची उकळी तिच्याहून मोठी होती. आधी ठरवून ठेवलं होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी तांब्यातलं पाणी घेऊन पिठाचे हात धुतले. पाया पडायला हात धुतेय असं त्याला वाटलं असावं, कारण तो तेवढा वेळ थांबला. मग मी मांडी घालून बसले, गळ्यातली डबी उघडली, लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात सरळ त्याच्या छातीच्या दिशेनं पुढं धरला. लिंगावर नजर लावायची असते. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते.

त्याचा कासऱ्याचा हात वर होता. तो तिथंच राहिला.

"ठेव ते," तो म्हणाला.

"पूजा चाललीय."

"ही काय पूजेची येळ हाय?"

"तीन येळा सांगितलीया. सकाळी, दुपारी, सांजच्याला. दुपारची आपल्या घरात कुणी करंना, म्हणून मी करायले."

हे खोटं नव्हतं. पूजा तीन वेळची. पण दुपारी पुरुष दुकानात आणि बायका चुलीशी, म्हणून मधली गळून गेली होती. त्याला ते माहीत होतं. त्याचा दुसरा हात स्वतःच्या सदऱ्याखालच्या डबीवर गेला. कपाळावरची ती जुनी खूण मला तेव्हा स्पष्ट दिसली. त्याची सावली माझ्या हातावर पडत होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो एक पाऊल मागं सरला.

परसातून सासूबाई गोवऱ्यांची पाटी घेऊन आल्या. दारात थबकल्या. त्यांनी मुलाकडं बघितलं, कासऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता म्हण येणार. त्यांनी पाटी खाली ठेवली, हात धुतले, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांची डबी काळी पडली होती, झाकण निघता निघेना. शेवटी निघालं. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. माझ्या हाताशेजारी हात पुढं धरला.

थोड्या वेळानं सासरे जेवायला आले. परातीत पीठ वाळत होतं, चूल विझत आली होती, दोघी बायका लिंग घेऊन बसलेल्या आणि मुलगा दोरी धरून उभा.

"हे काय चालवलंय?"

"पूजा," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी मठातल्या स्वामींना बोलावणं पाठवलं. स्वामी म्हातारे, दर सोमवारी आमच्याकडं जेवायला येणारे. खडावा वाजवत आले. दाराशी शेजारीण आणि आणखी बायका जमल्या होत्या, त्यांनी वाट दिली. सासरे म्हणाले, "शरणार्थ, स्वामी. ही पूजा म्हणायची का सोंग, ते तुमीच सांगा. घरात जेवाया मिळंना."

स्वामींनी दोन तळहात बघितले. मग कासरा बघितला. मग परात बघितली, आणि तिच्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली. मी त्यांना धीट म्हणणार नाही. त्यांना सासऱ्यांचं मन मोडायचं नव्हतं आणि शास्त्रही मोडता येत नव्हतं. खाकरून म्हणाले, "दुपारची पूजा सांगितलेली हाय. आटपायची कवा, ते ज्याचं त्यानं आन त्याच्या देवानं बघावं. मधी बोलणारा मी कोण?" आणि आले तसे खडावा वाजवत निघून गेले.

नवऱ्यानं कासरा खुंटीला अडकवला. दाराशी बायका उभ्या होत्या, त्यांच्यातून त्याला मान खाली घालून जावं लागलं. त्या दिवशी दुकानात त्यानं पोत्यातले मुरमुरे आणि गूळ खाल्ला. त्यानंतर त्याचा हात माझ्यावर उठला नाही असं नाही. उठला, दोन-चारदा. पडला कधीच नाही. मी नुसती गळ्याकडं हात नेला की तो खाली येई. पुढं तो बराच निवळला, आमचा संसार काही वाईट झाला नाही, पण ते त्याच्या चांगुलपणानं झालं असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. ते मी मिळवलं.

त्या दुपारी तो गेल्यावर माझा खांदा भरून आला होता. बोटांना मुंग्या आल्या होत्या. मी लिंग कपाळाला लावून डबीत ठेवलं, डबी मिटली आणि चुलीशी जायला उठले. सासरे माजघराच्या उंबऱ्याशी उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते सासूबाईंना म्हणाले, "उठ आता. सूनबाईची झाली की."

सासूबाईंनी हात खाली घेतला नाही. तळहातावरची नजरही काढली नाही. त्या घरात आल्यापासून सासऱ्यांच्या बोलण्याला त्यांनी उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"तिची झाली," त्या म्हणाल्या. "माजी आत्ता सुरू झालीया. लय दुपारा ऱ्हायल्यात माज्या."

सासरे उंबऱ्यावर टेकले. खुंटीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. मी चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, वाढून दिलं. ते जेवले. ऊन परसातून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलांवर गेलं, बाजारतळावर तंबूचं इंजिन धडधडायला लागलं. सासूबाई बसूनच होत्या. तिन्हीसांजा झाल्या तशी मी वाती करायला घेतल्या. सासऱ्यांनी माझ्या हातातली काडेपेटी मागून घेतली, आणि त्या दिवशी घरातले दिवे त्यांनी लावले.